डाळिंबी भाग, तपकिरी भाग

बेल वाजली तेव्हा लेक दाराशीच होती, रिकामी खोकी आत ओढत. तिने हात लांबवून कडी काढली. बाहेर बाबा उभे होते. खांद्याला हत्यारांची पिशवी, बाहीला काथ्याचे तंतू चिकटलेले, आणि चेहऱ्यावर चुकीच्या घरी आल्यासारखा भाव.

“लगेच उघडलंस,” ते म्हणाले.

“मग काय ताटकळत ठेवायला हवं होतं? आणि किल्ली कुठेय तुमची?”

“खिशात.”

“किल्ली खिशात आणि बोट बेलवर. आता आई नाहीये हातातलं टाकून धावत यायला.”

बाबांनी पायपुसण्यावर चपला घासल्या. नको तितका वेळ घासल्या. मग आत येऊन पिशवी खुंटीला अडकवली आणि खोक्यांकडे बघितलं.

“ही कशाला?”

“पुस्तकं न्यायला. उद्या सकाळी टेम्पो येणारे.”

“कुठली पुस्तकं?”

“आईची.”

“तिची खालच्या कप्प्यात आहेत,” बाबा म्हणाले. “वरच्याला हात लावायचा नाही.”

“दोन्ही नेणारे मी. वरची पण, खालची पण. जन्मभर तिला अर्धंच मिळालं. आता निदान माझ्या घरी तरी तिची पुस्तकं पुरी होऊ देत.”

बाबा हात धुवायला मोरीकडे गेले. नळ मोठा सोडल्याचा आवाज आला. भांडणाला उत्तर द्यायची त्यांची ही जुनी रीत होती. पाणी वाहत राहायचं आणि समोरचा माणूस बोलून बोलून दमायचा. लेक दमणारी नव्हती. ती इतकी वर्षं दम साठवत आली होती.

बाबा सोफे आणि खुर्च्या शिवायचे. बसून बसून खचलेली लोकांची आसनं उघडायची, आतल्या स्प्रिंगा ताणायच्या, काथ्या आणि फोम भरायचा, वरून नवं रेक्झीन खेचून बारीक खिळे ठोकायचे, हे त्यांचं काम. सुरी हाताला अशी बसलेली, की माप घ्यायच्या आधीच कापून मोकळे होत आणि तरी कापड बरोबर बसे. आई दवाखान्याच्या कपडेखोलीत होती. सकाळी जायची, चादरी आणि अभ्रे देऊन-घेऊन दुपारी घरी यायची. दोघांचे स्वभाव कुठेच जुळत नव्हते. जुळायचं ते एकाच ठिकाणी: जुन्या, जाडजूड कादंबऱ्या. रद्दीच्या दुकानातून निवडून आणायच्या आणि संध्याकाळी सोफ्यावर बसून वाचायच्या.

लग्न झालं त्या वर्षी एकाच कादंबरीवरून दोघांचं जुंपलं. आधी कोण वाचणार? काही दिवस अबोला चालला. मग एका संध्याकाळी बाबांनी पुस्तक बरोबर मध्यावर उघडलं, पालथं घातलं आणि पाठीवरून सुरी फिरवली. प्रकरण कुठे संपतंय, वाक्य कुठे तुटतंय, काही बघितलं नाही. दोन्ही तुकड्यांना सरस लावला, पुठ्ठे चढवले. पहिल्याला कुठल्याशा हॉटेलच्या खुर्च्यांतून उरलेलं डाळिंबी रेक्झीन, दुसऱ्याला तपकिरी. डाळिंबी भाग स्वतःकडे ठेवला आणि तपकिरी आईच्या हातात दिला.

“भांडण मी सुरीने मिटवलं,” असं ते पाहुण्यांना सांगत. पाहुणे हसत. आईही हसे.

तेव्हापासून घरात आलेली प्रत्येक कादंबरी अशीच कापली गेली. वरच्या कप्प्यात डाळिंबी पाठींची रांग, खालच्यात तपकिरी. बाबा सुरुवाती वाचत, आई शेवट वाचे. कादंबरीवर सिनेमा निघालेला असला तर बाबा त्याची सीडी शोधून आणत, पण दोघांचे आपापले भाग वाचून झाल्याशिवाय ती लावायची नाही, हा घरचा कायदा. मग ठरल्या संध्याकाळी दिवा मंद करायचा, दोघांच्या पायांवर एकच पांघरूण, मध्ये भाजलेल्या दाण्यांची वाटी, आणि सिनेमा सुरू. पहिला अर्धा बाबांचा. ज्यांच्या तोंडून एरवी दिवसभर शब्द पडायची मारामार, ते तेव्हा थांबायचं नाव घेत नसत.

“ही मोठी सून. हिचं त्या दिराशी वाकडं आहे. आणि हा म्हातारा दिसतो कडक, पण आतून चांगला.”

“चांगला?” आई दाणे सोलत म्हणायची. “थांबा, कळेल.”

“तू मधून सांगू नकोस. तुझी पाळी आली की सांग.”

मध्यावर पोचलं की पाळी बदलायची. मग आई सांगायची, बाबा ऐकायचे. चांगला म्हातारा कसा निघाला हे कळल्यावर तोंड पाडून बसायचे.

लेक लहान होती तोवर तिलाही याची मौज वाटायची. मोठी झाली, वाचनालयातून त्याच कादंबऱ्या अखंड आणून हट्टाने वाचायला लागली, तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आईच्या वाट्याचं प्रत्येक पुस्तक तुटक्या वाक्याने सुरू होतं. माणसं आधीच भेटलेली, लग्नं आधीच ठरलेली, कुणी कुणावर कशासाठी रागावलंय ते कळायला मार्ग नाही.

“आई, तू वरची का नाही वाचत?” तिने एकदा विचारलं.

“त्यांना सांगायचं असतं,” आई म्हणाली. “सांगू दे की. तेवढंच बोलतात.”

त्या ‘तेवढंच’ने लेकीच्या डोक्यात तिडीक गेली ती कायमची. मग तिला सगळंच दिसायला लागलं. सोफ्याची दिव्याजवळची बाजू बाबांची. खिशात किल्ली असून बेल वाजवायची आणि आईने उठून दार उघडायचं. आई पुस्तक मांडीवर घेऊन बसली की टोमणा मारायचा, “अजून तेच पान? वाचतेयस की पानाला ऊब देतेयस?” आई हसायची आणि खरंच कितीतरी वेळ पान उलटायची नाही. लोकांच्या चादरी उचलून दमली असणार, लेक मनात म्हणायची, आणि बाबांवरचा राग आणखी एक पदर घट्ट करायची.

आई गेली त्याला महिना होत आला होता. दवाखान्यातच चक्कर येऊन पडली आणि घरी परत आली नाही. लेक तेव्हा आली ती अजून इथेच होती, आणि उद्या निघणार होती.

बाबा हात पुसत बाहेर आले. ओट्यावर झाकलेला चहा उभ्यानेच प्यायले आणि नेहमीसारखे टीव्हीपाशी वाकले. लेकीने डोळे मिटून घेतले. रोज हेच. आई जाऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हापासून हेच. सोफ्यावर आपल्या बाजूला बसायचं, पांघरूण पायांवर घ्यायचं, त्याचा अर्धा भाग शेजारच्या रिकाम्या जागेवर सोडायचा आणि तोच एक सिनेमा पहिल्यापासून लावायचा. मिठाचा व्यापार करणाऱ्या एका घराण्याची गोष्ट. घरात शेवटी कापली गेलेली कादंबरी हीच, आणि योगायोगाने लेकीच्या वाचनातून एवढी एकच निसटलेली. पहिल्या दिवशी सिनेमाचं संगीत ऐकून तिला शरम वाटली होती, शेजाऱ्यांना ऐकू गेलं तर काय म्हणतील म्हणून. नंतर शरम गेली आणि नुसता संताप राहिला. कारण बाबा तो पुराही बघत नसत. धाकटी सून घर सोडायला निघते, बाहेर घोडागाडी उभी असते, तिने एक हातमोजा चढवलेला असतो आणि दुसरा हातात असतो. तिथे बाबांचा अंगठा रिमोटवर दाबला जायचा. पडदा काळा.

आजही तसंच झालं. गाडीवानाने लगाम सावरला, धाकटीने हातमोजा चढवला, आणि खोलीत एकदम शांतता पसरली.

“रोज इथेच का बंद करता?” लेकीने विचारलं.

“बास झालं.”

“बास झालं नाही. पुढचं तुम्हाला ठाऊक नाही. पुढचं सांगणारी गेली आणि तुमची गाडी अडली.”

“असेल.”

“असेल नाही, आहे. घरात एवढी पुस्तकं, आणि एकाचाही शेवट तुम्ही स्वतः वाचलेला नाही. आयतं मिळत होतं ना ऐकायला.”

“तू भांडायला राहिलीयस का इथे?”

“पुस्तकं न्यायला राहिलेय.”

“मग खालची ने. मी नको म्हटलं नाही.”

“खालची घेऊन काय करू? अर्ध्या वाक्यापासून वाचत बसू, तिच्यासारखी?”

ती ताडकन उठली आणि कपाटाकडे जाताना पायाची करंगळी स्टुलावर आपटली. सोफा आणि कपाट यांच्या मध्ये ते नेहमीच पडलेलं असे. ठेंगणं, रुंद, नको इतकं जड, बाबांनीच बनवलेलं.

“हे धूड इथे कशाला ठेवलंय? कुणाचे पाय मोडायला?”

“असू दे तिथे.”

“बसतं तरी कोण यावर?”

“कुणी नाही. असू दे म्हटलं ना.”

लेकीने टाचा उंचावून वरच्या कप्प्यातून दोन-तीन डाळिंबी पुस्तकं ओढली आणि खोक्यात टाकली. टाकताना आवाज झाला. बाबा उभे राहिले.

“वरच्याला हात लावू नकोस म्हणून सांगितलंय मी.”

“का? तुमची मिळकत आहे?”

“हो, आहे.”

“आणि तिची?”

लेकीने रांगेतलं शेवटचं पुस्तक काढलं. मिठाच्या घराण्याची पहिली निम्मी गोष्ट, डाळिंबी रेक्झीन अजून कोरं, चकचकीत. पानांच्या मधून एक काळं टोक बाहेर डोकावत होतं. केसांची पिन.

आई पान लक्षात ठेवायला पिन लावायची. सगळं घर ओळखायचं ती सवय. खालच्या कप्प्यातल्या प्रत्येक पुस्तकात पिनांच्या गंजाच्या बारीक रेघा होत्या. पण हे पुस्तक वरचं होतं. लेकीने खोक्यात टाकलेलं एक डाळिंबी पुस्तक उचलून उघडलं. पिवळ्या पडलेल्या पानाच्या कडेला गंजाची रेघ. थोडी पानं पुढे गेल्यावर आणखी एक, त्यापुढे आणखी एक. दुसरं उघडलं. तिसरं उघडलं. ज्या पुस्तकांना तिच्या समजुतीप्रमाणे आईचा हात कधी लागला नव्हता, त्यांतलं एकही आईने सोडलेलं नव्हतं.

म्हणजे दुपारी. कपडेखोलीतून परत आल्यावर, बाबा कारखान्यातून यायच्या आधी. आणि संध्याकाळी मांडीवर तपकिरी भाग उघडा ठेवून पान न उलटता बसायची, कारण दुपारची सुरुवात अजून संपलेली नसायची.

लेकीच्या जिभेवर वाक्य आपसूक तयार झालं. ‘तिला तुमची गरजच नव्हती.’ इतकी वर्षं तिने असंच एखादं वाक्य शोधलं होतं, जे नळाच्या आवाजात बुडणार नाही. जन्मभर आपण बायकोला गोष्टींच्या सुरुवाती दिल्या, या एकाच गोष्टीचा या माणसाला अभिमान होता. तो एका वाक्यात जमिनीवर आणता आला असता. तिने दाखवण्यासाठी पिनेला चिमटीत धरलं.

“ती पिन काढू नकोस,” बाबा म्हणाले. “पान हरवेल तिचं.”

लेकीचा हात होता तिथेच राहिला.

“तुम्हाला माहीत होतं?”

“सोफे शिवतो मी. आंधळा नाहीये.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. पिना विसरायची पुस्तकात. मी बघून परत तिथेच ठेवायचो.”

“मग बोलला का नाहीत कधी?”

“ती बोलली का?”

“अहो पण…” लेकीने खोक्यातल्या पुस्तकांकडे बोट केलं. “तिला सगळं ठाऊक होतं. मग सिनेमाच्या वेळी एवढं सांगत कशाला बसायचात?”

“ती ऐकत होती ना.”

ते इतक्या कोरड्या आवाजात म्हणाले, की त्यात पकडायला काही जागाच नव्हती. मग खुंटीवरून कापडी पिशवी काढून तिची घडी उलगडत, लेकीकडे न बघता पुढे बोलले.

“तू लहान असताना एकदा किल्लीने दार उघडलं मी. ही खुर्चीवर चढलेली, पुस्तक वर ठेवायच्या गडबडीत. पडली. मनगट मोडलं.”

लेकीला ते प्लास्टरमधलं मनगट आठवलं. तिने त्यावर रंगीत पेनाने फुलं काढली होती.

“आई म्हणाली होती, पडदे काढताना पडले.”

“मलाही तेच म्हणाली. मी समोर उभा होतो तरी.” बाबांनी पायात चपला सरकवल्या. “दूध आणतो.”

“दूध आहे घरात.”

“संपेल.”

दारापाशी ते थांबले. आता काहीतरी बरं बोलतील असं लेकीला उगीच वाटलं.

“ती खोकी वाटेतून हलव,” ते म्हणाले. “माणसाने जायचं कुठून?”

आणि दार ओढून गेले.

लेक पुस्तक हातात घेऊन उभी राहिली. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. रागच आला, आणि या वेळी दोघांचा. इतकी वर्षं ती आईच्या बाजूने भांडत आली होती आणि आईने तिला हे वकीलपत्र कधी दिलंच नव्हतं. दोघांनी एकमेकांना फसवलं, एकमेकांना फसवू दिलं, आणि लेकीला मात्र कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. बाबांना सांगायला तोंड नव्हतं हे समजण्यासारखं होतं. पण आईला होतं. ‘तेवढंच बोलतात’ असं म्हणून थांबण्याऐवजी आणखी एक वाक्य बोलली असती तर?

तिने स्टुलाकडे बघितलं. पहिल्यांदाच नीट बघितलं. चारही पाय तळाशी फाकवलेले, कितीही जोर दिला तरी कलंडू नये असे. प्रत्येक पायाला रबराची टोपी. वरचं रेक्झीन चकचकीत बाजू आत आणि खरखरीत बाजू वर अशा उलट्या बाजूने ताणलेलं. उभ्या आयुष्यात बाबांनी कुणाला रेक्झीन उलटं लावून दिलं नसेल. मध्यभागी दोन पावलांएवढी जागा झिजून गुळगुळीत झाली होती.

तिने खोकी भिंतीला उभी करून ठेवली. टाकलेली पुस्तकं आतून काढून सोफ्यावर ठेवली. मग आईच्या बाजूला बसली, दिव्यापासून लांबच्या, आणि पिनेपाशी पुस्तक उघडलं. अक्षरं दिसायला तिला पुस्तक जरा तिरकं धरावं लागलं.

‘धाकटीने एक हातमोजा चढवला,’ असं पानाच्या तळाशी छापलेलं होतं. ‘दुसरा मात्र तिने हातातच ठेवला.’

लेकीने पान उलटलं. पुढच्या पानावर रेघ नव्हती, त्याच्या पुढच्यावरही नव्हती. पुस्तकाच्या शेवटापर्यंत, म्हणजे गोष्टीच्या मध्यापर्यंत, एकाही पानाला पिनेची खूण नव्हती. तिने वर बघितलं. समोर टीव्हीचा काळा पडदा होता आणि त्यात सोफा, पांघरूण आणि ती स्वतः दिसत होती. दोघांचं वाचून झाल्याशिवाय सिनेमा बघायचा नाही हा कायदा बाबांनी मोडला असं तिला रोज वाटलं होतं. त्यांनी तो जेमतेम वाकवला होता. आई जिथवर पोचली होती, तिथवरच ते रोज जात होते.

ती पहिल्या पानावर गेली आणि वाचायला लागली. मिठागरांवरचा वारा, तीन भाऊ, वरून कडक दिसणारा म्हातारा. हा आतून चांगला असेल का, असं तिच्या मनात आलं आणि आपण कुणाच्या आवाजात विचार करतोय ते कळून ती स्वतःवरच चिडली. पण वाचत राहिली.

बेल वाजली.

ती दचकून उठली आणि दाराकडे निघाली. दोन पावलं गेली आणि थांबली. पुस्तक हातातच होतं. बेल पुन्हा वाजली नाही. दारापलीकडे पावलांची चुळबुळ नाही, खोकला नाही, किल्लीचा आवाज नाही.

ती मागे वळली. पिन आपल्या जागी आहे याची खात्री केली. स्वतःचं पान मनात ठेवलं. मग स्टुलावर चढली. ते तसूभरही हललं नाही. सोफ्यावरची डाळिंबी पुस्तकं एकेक करून होती तशी लावली, हे शेवटचं रांगेच्या टोकाला सरकवलं, आणि पाठी एका रेषेत याव्यात म्हणून तळहाताने हलकेच आत ढकलल्या. खाली उतरली. पांघरूण झटकून सारखं केलं. एवढं सगळं होईपर्यंत बाहेर कुणी घाई केली नाही.

तिने कडी काढली. बाबा जिन्याकडे तोंड करून उभे होते, हातात दुधाची पिशवी. दार उघडल्यावर ते सावकाश वळले. त्यांची नजर एकदा तिच्या खांद्यावरून आत, वरच्या कप्प्यापर्यंत गेली आणि परत आली.

“किल्ली होती ना खिशात?” लेक म्हणाली.

“होती.”

ती बाजूला झाली. बाबा मान खाली घालून पायपुसण्यावर चपला घासू लागले. चपला कोरड्याच होत्या.